वस्तूचा संबंध

एखादी वस्तू टिकावी म्हणून तिच्या मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली असता नेमके काय टिकते, हा प्रश्न वरवर पाहता संग्रहालयाच्या व्यवस्थेचा वाटतो; परंतु धातू, दगड किंवा कापड टिकणे आणि त्याला ज्यामुळे महत्त्व आले ते टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मान्य केले की तो धर्मविचाराच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रांतात येतो. संग्रहालयांचा इतिहास बहुधा मालकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी देवळांचे आणि राजांचे खजिने होते, मग उमरावांच्या वाड्यांत अद्‌भुत वस्तूंची दालने आली आणि शेवटी सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक संस्था उभ्या राहिल्या, असा तो क्रम आहे. तो चुकीचा नाही, पण वस्तू कोणाला पाहता आली एवढेच तो सांगतो. प्रत्येक टप्प्यावर पाहिली जाणारी वस्तू तीच राहिली का, याबद्दल तो काही बोलत नाही. २०२४ मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात या दुसऱ्या प्रश्नाची जितकी निरनिराळी उत्तरे शेजारी शेजारी सापडतात तितकी एकाच जिल्ह्यात क्वचित सापडतील.

संग्रहालयाचा उगम धर्माच्या आश्रयाने झाला, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मेसोपोटेमियातील ऊर या नगरात इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बॅबिलोनचा राजा नबोनिडस याची कन्या एन्निगल्दी ही चंद्रदेवतेची मुख्य पुजारीण होती, आणि तिच्या निवासाच्या उत्खननात लिओनार्ड वूली यांना वेगवेगळ्या शतकांतील वस्तू एकत्र मांडलेल्या आढळल्या. त्यांच्यासोबत एका जुन्या लेखाची नक्कल करून तिची माहिती देणारा मातीचा लेखही होता, म्हणून वूली यांनी त्या दालनाला संग्रहालय मानले. अलेक्झांड्रियातील ज्या विद्यापीठासारख्या संस्थेवरून युरोपीय भाषांनी पुढे संग्रहालयाला नाव दिले, ती कलादेवतांना वाहिलेली होती आणि तिचा प्रमुख पुरोहित होता. मध्ययुगीन युरोपात संतांच्या अस्थी आणि वस्त्रे चर्चच्या भांडारांत ठेवली जात व ठरावीक दिवशी भाविकांसमोर आणली जात. या सर्व ठिकाणी वस्तू पाहणे हे उपासनेचेच एक अंग होते.

ही सांगड १७९३ मध्ये तुटली असे म्हणता येईल. त्या वर्षी पॅरिसचा लूव्र राजवाडा संग्रहालय म्हणून नागरिकांना खुला झाला, राजाचा संग्रह राष्ट्राचा झाला आणि चर्चमधून काढलेली चित्रे व शिल्पे त्याच सुमारास कलाकृती म्हणून भिंतींवर आली. ज्या चित्रासमोर काल मेणबत्ती लावली जात होती त्याच्याकडे आज रंग आणि रेषा यांच्या दृष्टीने पाहायचे होते. फ्रेंच सैन्य इटलीतील कलावस्तू पॅरिसला आणत असताना १७९६ मध्ये कात्रमेर द कँसी या फ्रेंच विद्वानाने त्याविरुद्ध लेखणी उचलली. रोमचे खरे संग्रहालय केवळ पुतळ्यांचे नसून तेथील देवळे, रस्ते, टेकड्या आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते मिळून ते बनते, आणि त्यातील एक वस्तू हलवली तर हललेली वस्तू आणि मागे राहिलेली जागा या दोहोंचाही अर्थ कमी होतो, अशा आशयाची त्याची मांडणी होती. आधुनिक संग्रहालयाच्या जन्माबरोबरच त्याच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेपही जन्माला आला, आणि अजून तो जुना झालेला नाही.

मात्र हा विचार महाराष्ट्राला १७९६ मध्ये नवा नव्हता. त्याच्या पाचशे वर्षे आधी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महानुभाव पंथाने वस्तू आणि स्थान यांच्याविषयी एक सुसंगत तत्त्वविचार उभा केला होता आणि त्याचा या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. गोदाकाठचे डोमेग्राम, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर, हे पंथाचे प्रवर्तक आणि परमेश्वराचे अवतार मानल्या गेलेल्या श्रीचक्रधरांच्या वास्तव्याचे गाव, आणि त्यांच्या आठवणींचा, म्हणजे लीळांचा, ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध करणारा म्हाइंभट हा याच परिसरातील सराळ्याचा. महानुभाव मत द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ ते नित्य व परस्परांहून भिन्न मानते आणि मूर्तीत देवत्व आहे असे मानत नाही. असे असताना परमेश्वर अवतार घेऊन ज्या ओट्यावर बसला, जेथे निजला, जे वस्त्र त्याने वापरले, त्यांना वंदन का करायचे, हा प्रश्न त्या मताला टाळता येण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर ‘संबंध’ या पारिभाषिक संज्ञेत आहे. दगड दगडच राहतो, त्याच्या द्रव्यात काही पालट होत नाही, पण अवताराच्या स्पर्शाने त्याला जो संबंध लाभतो त्यामुळे तो स्मरणाचे साधन होतो, आणि स्मरण ही या पंथात मुख्य साधना आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार वंदनीय मानली जातात. त्यांतील ‘प्रसाद’ म्हणजे अवतारांच्या वापरातील किंवा स्पर्शातील वस्तू, आणि अशा संबंधित पाषाणाचा जो लहान तुकडा जतन करून पुजला जातो त्याला ‘विशेष’ म्हणतात.

या विचारातून जे वाङ्मय निर्माण झाले ते पाहिले की आजच्या कोणत्याही संग्रहालयाच्या नोंदवहीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात श्रीचक्रधर कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, त्यांचे आसन कोणत्या दिशेला होते, आरोगणा म्हणजे भोजन कोठे झाले, यांची दिशा-अंतरांसह नोंद आहे. ती इतकी बारकाईची आहे की यादवकालीन ज्या देवळांचा आज मागमूसही नाही त्यांची रचना समजून घेण्यासाठी स्थापत्याचे अभ्यासक तिचा आधार घेतात. म्हाइंभटाने लीळा जमवताना प्रत्यक्ष पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या व्यक्तींना गाठून त्यांच्याकडून आठवणी घेतल्या, आणि जेथे दोन सांगणाऱ्यांत फरक पडला तेथे तो फरकही राखला. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली आणि तिच्याविषयीचे विधान कोणाच्या साक्षीवर उभे आहे हे लिहून ठेवण्याची ही शिस्त युरोपीय संग्रहालयांनी फार उशिरा आणि बऱ्याच अंशी नाइलाजाने स्वीकारली. महानुभावांनी संग्रहालय बांधले नाही, पण ज्याच्यामुळे संग्रहालय हे गोदामाहून वेगळे ठरते ते त्यांच्याकडे होते.

मूर्तिपूजेच्या मुख्य प्रवाहाचे उत्तर वेगळे आहे. तेथे प्राणप्रतिष्ठा या विधीने मूर्तीत देवतेचे सान्निध्य आणले जाते आणि त्यानंतर ती वस्तू उरत नाही. भारतीय न्यायालयांनी प्रतिष्ठित देवतेला मालमत्ता धारण करणारी विधिमान्य व्यक्ती मानले आहे ते याच धारणेला अनुसरून. मूर्ती भंगली किंवा झिजली तर तिच्यातील सान्निध्य काढून घेऊन तिचे विसर्जन करायचे असते. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी आणि दगडी मूर्ती पाण्यात सोडावी असे सांगितले आहे. म्हणजे शास्त्राला मूर्तीच्या दोनच अवस्था ठाऊक आहेत, पूजेत असणे किंवा पंचमहाभूतांत परत जाणे. संग्रहालयाने तिसरी अवस्था निर्माण केली. देवळातून बाहेर पडलेली, नदीच्या डोहातून किंवा शेतातून वर आलेली खंडित मूर्ती तेथे पूजेविना, पण विसर्जनाविनाही, अनिश्चित काळ उभी राहते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही अवस्था चमत्कारिक आहे आणि तिला शास्त्रात नाव नाही. तरीही आज देशातील बहुतेक संग्रहालयांची शिल्पदालने याच अवस्थेतील मूर्तींनी भरलेली आहेत, आणि त्या पाण्यात गेल्या असत्या तर मध्ययुगीन शिल्पकलेचा इतिहास लिहिता आला नसता.

हिंदुस्थानात सार्वजनिक संग्रहालय १८१४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने सुरू झाले, मुंबईचे भायखळ्यातील संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले आणि आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी संस्था १९२२ मध्ये. या संस्थांबरोबर कायदाही आला. १८७८ च्या निखात निधी कायद्याने, म्हणजे जमिनीत पुरलेले द्रव्य कोणाचे हे ठरवणाऱ्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीची सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. वस्तू कोणी, कोणत्या श्रद्धेने जमिनीत ठेवली असेल, याचा विचार करणे हे त्या कायद्याचे काम नव्हते.

१९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे जे घडले ते याच चौकटीत घडले. झाडाची मुळे खणत असताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार भरीव ओतीव धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारींचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरले. एकट्या रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. प्राण्यांखाली चाकांची किंवा चाके बसवण्याची सोय असल्याने ती मिरवणुकीत ओढली जात असावीत असा तर्क केला गेला आहे, म्हणजे ती खेळणी नसून उपासनेची साधने असण्याचा संभव आहे. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात विभागलेली आहेत.

येथे संबंधाचा प्रश्न भावनेचा न राहता ज्ञानाचा होतो. दायमाबादचे पांढरीचे टेकाड १९५८ पासून पुरातत्त्वज्ञांना माहीत होते, १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि त्यापुढील काही वर्षे एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले आणि उत्तर हडप्पा आणि जोर्वे यांसह अनेक संस्कृतींचे थर त्यांना मिळाले. परंतु ही शिल्पे उत्खननाच्या खड्ड्यात, मोजलेल्या थरात सापडली नव्हती. जमिनीत एकावर एक साचलेल्या थरांपैकी कोणत्या थरात वस्तू पडली होती यावरून तिचा काळ ठरतो, आणि तो संबंध एकदा तुटला की पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे देशपांडे, राव आणि साळी यांनी ती शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली, तर त्यांच्या धातूतील आर्सेनिकचे प्रमाण त्या काळच्या इतर वस्तूंशी जुळत नाही या कारणाने डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली, आणि हा वाद मिटला असे म्हणता येत नाही. जगातील उत्तम काचपेटी, उत्तम प्रकाशयोजना आणि चोवीस तासांचा पहारा मिळूनही त्या रथाचे जे हरवले आहे ते हरवलेलेच आहे. दोष शेतकऱ्याचा नाही. त्याने खणले नसते तर कदाचित ती शिल्पे आजही मुळांखालीच असती. पण ज्याच्या खुरप्यामुळे ती जगाला दिसली तो मनुष्य वस्तूच्या नोंदीत किती ठळकपणे येतो, यावरून त्या नोंदीचा दर्जा ठरवायला हरकत नाही.

त्याच प्रवरेवर खालच्या अंगाला नेवासे आहे आणि तेथे श्रद्धेने जागेवर जपणे आणि उत्खननाने बाहेर काढणे ही दोन्ही उत्तरे एकाच गावात पाहायला मिळतात. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेवरील टीका सांगितली अशी परंपरा आहे तो पैसखांब तेथे आहे. तो ज्या करवीरेश्वराच्या देवळाचा भाग होता ते देऊळ नाहीसे झाले. खांब मात्र राहिला, कोणत्याही संग्रहालयाने किंवा कायद्याने राखण्याच्या कितीतरी आधीपासून राहिला, कारण वारकऱ्यांनी त्याला एका संबंधाने ओळखले होते. त्यावरील कोरीव लेख अभ्यासकाला महत्त्वाचा वाटतो आणि भाविकाला खांबच, पण दोघांनाही आपापली वस्तू मिळाली ती त्या श्रद्धेमुळे.

त्याच नेवाशातील लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. मृत मुलाला मातीच्या कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून ती घरातच पुरण्याची तेव्हा रीत होती. त्यांपैकी एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू आढळले. भारतातील रेशमाच्या प्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी हा पुरावा अमोल आहे. पण ज्या कोणी ती माळ त्या गळ्यात घातली आणि घराच्या जमिनीखाली ते मूल आपल्याजवळ ठेवले, त्यांनी ती कोणाला दाखवण्यासाठी घातली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. लहान मुलाला न जाळता पुरण्याची चाल अनेक समाजांत आजही असल्याने तो प्रसंग तीन हजार वर्षांइतका दूरचा राहत नाही. मानवी अवशेषांना प्रदर्शनात स्थान द्यावे काय, यावर जगभर वाद आहे. अभ्यासासाठी ते जतन करणे समर्थनीय आहे, पण तमाशासारखे मांडणे समर्थनीय नाही, आणि दोहोंमधील सीमारेषा प्रत्येक दालनात नव्याने आखावी लागते, यापलीकडे सर्वांना लागू पडेल असा नियम सांगणे कठीण आहे.

शिर्डीत हा विषय वेगळ्या रीतीने समोर येतो. बौद्ध परंपरेने वंदनीय अवशेषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: देहाचे ते शारीरिक, वापरातील वस्तू त्या पारिभोगिक आणि केवळ स्मरणासाठी घडवलेले ते उद्देशिक. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांचे निधन झाल्यावर शिर्डीत हे तिन्ही प्रकार जणू शास्त्रानुसार सिद्ध झाले. समाधी आहे, बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली संगमरवरी मूर्ती आहे, आणि कफनी, पादुका, चिलीम, भांडी अशा वापरातील वस्तूंसाठी दीक्षित वाड्यात संग्रहालय आहे. तेथे काच आहे आणि नावाची पाटी आहे, तरी पाहणारे हात जोडतात. द्वारकामाईतील धुनी मात्र कोणत्याही काचेआड नाही, कारण ती जळत राहण्यातच तिचे अस्तित्व आहे. तिची उदी वाटली जाते आणि नवी तयार होते. संग्रहालय ज्या झिजेला शत्रू मानते ती झीज येथे वस्तूचे काम आहे. अरणगावजवळच्या मेहेराबादेत मेहेरबाबांच्या समाधीभोवतीही वस्तू अशाच ममतेने जपल्या जातात, आणि जपणाऱ्यांत परदेशी अनुयायी मोठ्या संख्येने असल्यामुळे तेथे भक्ती आणि आधुनिक संरक्षणशास्त्र यांचे भांडण दिसत नाही.

येथवरच्या विवेचनावरून संग्रहालय म्हणजे केवळ तोडणारी आणि देवस्थान म्हणजे केवळ जोडणारी संस्था असा समज झाला, तर तो अन्यायाचा होईल. देवस्थानांनी जपलेल्या संबंधांत कोण जवळ येऊ शकतो आणि कोण नाही याचे नियमही होते. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले, आणि याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे यासाठी एप्रिल २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. संग्रहालयाच्या दाराशी जात विचारली जात नव्हती. ज्या मूर्तीच्या गाभाऱ्यात ज्याच्या आजोबाला पाऊल ठेवता आले नाही, तो तशाच मूर्तीसमोर दालनात हवा तितका वेळ उभा राहू शकला, तिच्याभोवती फिरू शकला, तिची पाठही पाहू शकला. संग्रहालयाने जे संबंध तोडले त्यांत तुटायलाच हवे होते असेही काही संबंध होते, आणि परंपरेचा गौरव करताना हे विसरणाऱ्यांचा युक्तिवाद अर्धाच राहतो.

काचेआडच्या वस्तूंनाही हात जोडले जातात त्या शिर्डीच्या उलट टोकाला नगर शहरातील १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. दसऱ्याला शस्त्रे पुजणाऱ्या समाजात निवृत्त रणगाडे हिरवळीवर उभे असतात आणि मुले त्यांच्यासमोर छायाचित्रे काढतात. मारण्याचे साधन कुतूहलाचे होणे ही प्रगती मानावी की विस्मृती, हे पाहणाऱ्याच्या वृत्तीवर सोडलेले बरे. शहराच्या भुईकोट किल्ल्यात वस्तूऐवजी जागाच जपली आहे, कारण १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि मौलाना आझाद तेथे बंदिवान होते आणि नेहरूंचा भारताच्या शोधाविषयीचा ग्रंथ तेथेच लिहिला गेला.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत समाजाचा सहभाग आणि नैतिक व्यवहार यांना स्थान मिळाले. वस्तू कोठून आली, कोणाकडून आली आणि कोणत्या परिस्थितीत आली हे सांगणे हा आता संग्रहालयाच्या कर्तव्याचा भाग मानला जातो. जगाला ही गोष्ट वसाहतींची लूट परत मागितली जाऊ लागल्यावर कळली. सराळ्याच्या म्हाइंभटाला ती स्मरणाच्या साधनेतून कळली होती. दोघांचे कारण वेगळे असले तरी संग्रहालयाकडून अपेक्षित असलेली कृती एकच आहे.

ती कृती या जिल्ह्यापुरती तरी अवघड नाही. नगर शहरात सरदार ना. य. मिरीकर आणि सुरेश जोशी यांच्या प्रयत्नांतून १९६० मध्ये उभे राहिलेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. नाणी, शस्त्रे, हस्तलिखिते आणि कागदपत्रे त्याने जपली आहेत. दायमाबादच्या चारही शिल्पांच्या उत्तम प्रतिकृती तेथे आणि श्रीरामपुरात असाव्यात, त्यांच्या शेजारी ती कोणत्या काठावर, कोणत्या कामात, कोणाला मिळाली आणि त्यांच्या काळाविषयी कोणता वाद आहे हे साध्या मराठीत लिहिलेले असावे, नेवाशाच्या माळेविषयी लिहिताना रेशमाबरोबर त्या मुलाचाही उल्लेख असावा, आणि जिल्ह्यातील शाळांच्या सहली रणगाड्यांनंतर तेथेही जाव्यात. मूळ शिल्पे परत आणण्याची मागणी करायची की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल. आपल्याकडून गेलेल्या वस्तूंची पूर्ण, खरी नोंद आपल्याजवळ असणे ही त्या मागणीची पहिली अट आहे आणि ती अजून पुरी व्हायची आहे.